बारवेत उतरताना कानात ओवी : वारसा बघायला तंत्राची मदत कशी घ्यावी?

गोदाकाठ (शनिवार, रात्री ९:४०)

राम राम मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. तीन वर्षांपासून एक गोष्ट मनात घोळतेय. इथं संभाजीनगरपासून नांदेडपर्यंतची माणसं आहेत, म्हणून मांडतो.

तीन वर्षांपूर्वी नववीची पोरं घेऊन अजिंठ्याला गेलो. बाहेर कडक ऊन, पहिल्या लेण्यात अंधार. डोळे सरावायला चार-पाच मिनिटं तरी लागतात, पण तेवढं कुणी थांबलंच नाही. मोबाइल वर, फोटो, "सर, काहीच दिसंना", आणि बाहेर. पद्मपाणीसमोर, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या त्या बोधिसत्त्वासमोर, एक मिनिटही गेलं नसेल. पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळातलं चित्र, आणि माझी पोरं ते न बघताच पुढं गेली. परतीच्या एसटीत मला झोप लागली नाही. दोष पोरांचा नव्हता. बघायचं कसं, हे मीच कधी शिकवलं नव्हतं.

पुढच्या वर्षी सहलीच्या आधी महिनाभर तयारी केली. वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. पद्मपाणीचं चित्र सुती चादरीवर मोठं छापून आणलं आणि भिंतीवर ताणलं. एकानं हातात पणती घेऊन चित्रावरून हळूहळू सरकायचं, बाकीच्यांनी बोलायचं नाही. आधी निळं कमळ धरलेली बोटं दिसली. मग दंड, मग गळ्यातली मोत्याची माळ, आणि शेवटी खाली झुकलेले डोळे. चाळीस पोरं, पण वर्गात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता.

मग भिंत केली. लाकडी फळीवर माती, भाताचा तूस आणि तागाचे तुकडे कालवून लिंपण, ते वाळल्यावर वरून चुन्याचा पातळ हात, आणि त्या वाळलेल्या थरावर गेरू, पिवळी माती, काजळी. अजिंठ्याचे थर साधारण असेच आहेत. ओल्या चुन्यावर रंगवायची युरोपातली रीत ती ही नव्हे. निळ्यासाठी आम्ही कपड्याची नीळ वापरली. त्या लोकांनी वापरलेला निळा दगड पार अफगाणिस्तानातून यायचा, हे ऐकल्यावर पोरांनी नकाशा काढून बोटानं रस्ता मोजला.

त्या वर्षी लेण्यात पोरं थांबली. डोळे सरावू दिले. एक मुलगी माझ्या बाहीला धरून म्हणाली, "सर, इथं चुना सुटलाय. खालचा तूस दिसायलाय बघा." मी पंधरा वेळा तरी त्या भिंतीसमोर उभा राहिलो असेन, मला तो तूस कधी दिसला नव्हता.

आता मुद्दा. आमच्या गावात एक जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. यादवकाळातली असावी, दगडावर दगड, मध्ये चुना नाही, भिंतीत देवकोष्ठं, म्हणजे देवांच्या मूर्तींचे कोनाडे. दोन्ही बाजूंनी उतरता येतं. शिल्पशास्त्रात एका तोंडाची ती नंदा, दोन तोंडांची भद्रा, तीनची जया आणि चारची विजया, म्हणजे आमची भद्रा. गावानं गाळ काढलाय. आता पोरांना तिचं मोबाइलवर त्रिमितीय रूप करायचंय आणि सोबत गावातल्या बायकांच्या आवाजातल्या ओव्या ठेवायच्यात. तुमच्यापैकी कुणी असं काही केलंय का? तंत्रानं माणूस त्या जागी जास्त वेळ थांबतो, की स्क्रीन बघून निघून जातो? अनुभव सांगा.

वाघूरकाठ (शनिवार, रात्री १०:२५)

सर, तुमची पणती वाचून डोळ्यात पाणी आलं. माझे वडील अजिंठ्याला उजेड दाखवायचं काम करत. पत्र्याला चमकी कागद लावलेला असायचा. लेण्याच्या दारात उन्हात उभं राहून ते ऊन आत पाठवायचे, आत दुसरा माणूस पांढऱ्या कापडावर ते झेलायचा आणि भिंतीवर मऊ उजेड पडायचा. सूर्य सरकला की वडीलही सरकायचे. कोणत्या लेण्याचं तोंड कुणीकडं आणि ऊन कधी कुठवर जातं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्ध आहे. उजेड एका बाजूनं धरला तर चेहरा हसरा दिसतो, दुसऱ्या बाजूनं धरला तर खिन्न, आणि समोरून धरला तर ध्यानातला. आमच्याकडचे गाइड आजही बॅटरीनं हे दाखवतात. पाहुणा तिथं हमखास थांबतो. मूर्ती तीच, फक्त उजेड फिरतो. मला तर हेच खरं तंत्र वाटतं.

पण उजेडाला जपूनच वापरावं लागतं. रंगांना तो सोसत नाही, म्हणून आत फ्लॅश बंद आहे आणि दिवेही मंद ठेवतात. लोक आत आले की श्वासानं दमटपणा वाढतो, तेही चित्रांना बाधतं. तेव्हा भिंतीला हात न लावता आणि जास्त उजेड न टाकता दाखवता येईल ते सगळं मला हवंय. मोबाइलसुद्धा.

एक काळजी मात्र आहे. कानात लावायचं यंत्र आलं की गाइडचं पोट कसं चालायचं? यंत्राला प्रश्न विचारता येत नाही. तुमच्या त्या मुलीनं तूस दाखवला, तसं कुणी दाखवलं तर यंत्र काय म्हणणार?

खाम_नदी (शनिवार, रात्री ११:०२)

गोदाकाठ सर, पुढच्या वेळी एक फळी वेरूळची करा. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू आणि तुकडे मिसळलेले सापडले आहेत. पुरातत्त्व खात्यातले निवृत्त रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि संभाजीनगरच्या आपल्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ सरदेसाई यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. भांगेमुळं गिलावा धरून राहिला आणि किडीपासून वाचला, असं त्यांचं म्हणणं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथं किड्यांनी बरंच खाल्लंय. सूक्ष्मदर्शकाखाली एवढासा कण धरून हे कळलं. पोरांना ताग आणि अंबाडी अशा दोन फळ्या करून वर्षभर ठेवायला सांगा, बघू कोणती टिकते.

तेरणामाई (रविवार, सकाळी ७:१५)

मी धाराशिव जिल्ह्यातली, तेरजवळची. तेर म्हटलं की लोकांना गोरोबाकाका आठवतात, ते बरोबरच. पण तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल पैठणच्या मालासोबत भडोचच्या बंदराला जायचा आणि तिथून रोमकडं. त्याच काळातली हस्तिदंताची एक छोटी बाहुली तेरला सापडली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं संग्रहालय गावात आहे, त्यातली ती सगळ्यांत नावाजलेली. तशीच एक बाहुली जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननात मिळाली. आणि तिसरी? ती इटलीत, पॉम्पेईच्या राखेत, १९३८ मध्ये. पॉम्पेई ज्वालामुखीखाली गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे ती त्याआधीच तिकडं पोचलेली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

या तिघी एका टेबलावर कधीच येणार नाहीत. काचेतून कुणाला बाहेरही काढता येणार नाही. इथं मला तंत्र मनापासून हवंसं वाटतं. तिघींची त्रिमितीय रूपं शेजारी शेजारी ठेवली, फिरवली, कंबरेचे दागिने जुळवून बघितले, तर आमच्या पोरींना कळेल की आपल्या गावच्या बाहुलीची बहीण समुद्रापार आहे.

दुसरी गोष्ट घरातली. माझी मावसबहीण जन्मापासून दृष्टिहीन आहे. तिला संग्रहालयात नेलं की आम्ही बोलत राहायचो आणि ती नुसती उभी राहायची. मागच्या दिवाळीत गावातल्या कुंभारकाकांनी चित्रावरून बाहुलीची मातीची प्रत करून दिली, खऱ्यापेक्षा थोडी मोठी. बहिणीनं ती दोन्ही हातांत घेतली, अंगठ्यानं कंबरेचा पट्टा चाचपला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, हिनं किती नटून ठेवलंय गं." दहा वर्षं आम्ही तिला त्या बाहुलीबद्दल सांगत होतो. बाहुली तिला भेटली ती त्या दिवशी.

बालाघाट (रविवार, सकाळी ९:३०)

तेरणामाई, तुमच्या बहिणीला नमस्कार सांगा.

अंबाजोगाईकर म्हणून माझी भर. दासोपंतांची पासोडी आमच्या गावचं धन आहे. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. या लांबलचक कापडावर त्यांनी पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडली याचा वेदान्तातला विचार, लिहिलं, सोबत आकृत्या आणि चौकटी काढल्या. ४० फुटांच्या आसपास लांब. वेदान्त समजवायला चित्र आणि अक्षर एकत्र वापरणारा माणूस चारशे वर्षांपूर्वी आमच्याकडं होऊन गेला, आणि आम्ही अजून या दोहोंना वेगवेगळ्या खात्यांत ठेवतो.

पासोडी दुरून बघितली की नुसतं जुनं कापड दिसतं. ती लांबीत वाचायची, चालत वाचायची वस्तू आहे. माझी फार इच्छा आहे की तिची बारकाईनं छायाचित्रं घेऊन खऱ्या मापात छापावी आणि एखाद्या शाळेच्या वऱ्हांड्यात लावावी. छपाईची दुकानं आता तालुक्याच्या गावीही आहेत, खर्च फार नाही. पोरं एका टोकाकडून चालत जातील, एकेक चौकट वाचत. मोबाइलवर बोटानं सरकवण्यापेक्षा पायानं चालणं मला मोलाचं वाटतं, कारण शरीराला लांबी कळते. मूळ कापड मात्र अंधारात, घडी न पडता, गुंडाळून शांत राहू द्यावं.

कंधारचा_बुरूज (रविवार, दुपारी १:१०)

मी थोडं विरोधात बोलतो, राग मानू नका.

आमच्या भागातल्या एका जुन्या मंदिरावर एका वर्षी रंगीत दिव्यांचा खेळ झाला. शिखरावर जांभळा, खांबांवर हिरवा, आणि आवाज इतका की पारवे दोन दिवस परत आले नाहीत. गावातली म्हातारी माणसं सकाळी जाऊन बघतात तर अंगणभर वायरी आणि पाण्याच्या बाटल्या. भिंतीवर कोरलेल्या ज्या सुरसुंदरीच्या, म्हणजे अप्सरेच्या, पायातलं तोरडं बघायला मी लहानपणापासून जातो, ती त्या रात्री जांभळ्या डागासारखी दिसत होती. आणि शिखरातलं पिंपळाचं झाड तसंच. मुळं दगड फोडतायत.

तंत्राला माझा विरोध नाही. पण आधी झाड काढा, पाण्याचा निचरा करा, मग दिवे लावा. आणि दिवा लावायचाच तर तिरपा, एका बाजूनं, पिवळसर लावा. कोरीव काम सावलीनं उठून दिसतं. समोरून झोत टाकला की दगड सपाट होतो.

वाघूरकाठ (रविवार, दुपारी २:०५)

बुरूज दादा, शंभर टक्के. जास्त चमकदार दाखवायच्या हौसेचा इतिहास अजिंठ्याहून कडू कुठं नसेल. १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी जॉन स्मिथनं दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचं नाव कोरलं, लेण्यांना धक्का लावायची सुरुवात तिथपासूनच. १८४४ नंतर रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं राबून चित्रांच्या प्रती केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले, १८७२ पासून काम केलं, आणि त्यांच्याही कितीतरी प्रती १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. प्रती गेल्या, पण प्रत करताना रंग उठून दिसावा म्हणून मूळ चित्रावर जे वार्निश फासलं ते राहिलं. ते पुढं पिवळं पडलं, तडकलं, आणि सोबत रंगाचे पोपडे घेऊन निघालं. निजामाच्या काळात इटलीहून माणसं आणून ते काढावं लागलं.

म्हणून मला संगणकावरचं काम पटतं. नाशिकचे प्रसाद पवार यांनी लेण्यात मंद उजेडात छायाचित्रं घेऊन, फाटलेले भाग संगणकावर भरून चित्रं पुन्हा उभी केलीत. भिंतीला कुणी बोटही लावलं नाही.

कंधारचा_बुरूज (रविवार, दुपारी २:४०)

ते मान्य. फक्त भरलेला भाग कोणता आणि मूळ कोणता, हे बघणाऱ्याला एका बोटाच्या इशाऱ्यावर कळलं पाहिजे. नाहीतर उद्या माझी नात पूर्ण झालेलं चित्र बघून लेण्यात जाईल आणि म्हणेल, "आजोबा, हे तर खराब झालंय." ते पोपडे, ती उडालेली माती हीसुद्धा चित्राचीच गोष्ट आहे. सरांच्या विद्यार्थिनीला जो तूस दिसला तो उडालेल्या जागेतूनच.

देवगिरीचा_वारा (रविवार, सायंकाळी ६:२०)

आवाजाबद्दल एक. शार्ङ्गदेवानं संगीतरत्नाकर लिहिला तो तेराव्या शतकात, देवगिरीला, सिंघण यादवाच्या आश्रयानं. आज दौलताबादला जाणाऱ्याला तोफा दाखवतात, पंधराव्या शतकातला चांदमिनार दाखवतात, अंधारी, म्हणजे गडातली अंधारी वाट, दाखवतात. पण भारतीय संगीतावरचा एवढा मोठा ग्रंथ या डोंगराच्या सावलीत लिहिला गेला हे कुणी सांगत नाही. कानात हळू आवाजात एक गायक त्यातल्या स्वरांविषयी बोलतोय आणि आपण पायऱ्या चढतोय, एवढं झालं तरी गडाचा चेहरा बदलेल. मात्र "तेव्हा असंच गायचे" असा दावा नको. "आम्ही ग्रंथ वाचून असं गाऊन बघितलं" म्हणावं.

ओवीवेडी (रविवार, रात्री ८:५०)

सर, बारवेसाठी ओव्या घेताय म्हणून मुद्दाम लिहितेय. मी बीड जिल्ह्यातली, माजलगावकडची.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. नव्वदच्या दशकात बऱ्याच ध्वनिमुद्रित झाल्या आणि आता त्या इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतात. माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यात आहेत. मी त्या माझ्या आजीला ऐकवल्या. जातं तिच्या घरातून जाऊन वीस वर्षं झाली. ऐकताना तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरायला लागला. तिला स्वतःला ते कळलं नाही. मी बघत राहिले.

दोन गोष्टी सांगते. बाईला आधी विचारा: तुझा आवाज कुठं लागणार, कोण ऐकणार, नाव लावायचं की नाही. आमच्याकडं एकीनं गायलं आणि ते परस्पर कुणाच्या तरी जाहिरातीत वाजलं, त्या माउलीनं परत तोंड उघडलं नाही. दुसरं, स्टुडिओत नेऊ नका. हाताला काम द्या, धान्य निवडायला द्या, जातं असेल तर जात्यावर बसवा. हात चालू लागला की ओवी आपोआप येते.

खाम_नदी (रविवार, रात्री ९:३०)

बारवेच्या त्रिमितीय कामाबद्दल, मी हे थोडंफार केलंय. सगळीकडून फोटो काढायचे, संगणक ते जोडून रूप उभं करतो. ढगाळ दिवस निवडा, नाहीतर अगदी सकाळी करा. भर उन्हात अर्ध्या पायऱ्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या येतात आणि संगणकाला जोड सापडत नाही. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग आला पाहिजे. पाणी फसवतं, त्यात आभाळ दिसतं आणि तिथं भोक पडतं. ते भोक तसंच ठेवा, मनानं भरू नका. एका पायरीवर टेप पसरून ठेवा म्हणजे माप मिळेल. मेशरूम हा प्रोग्रॅम फुकट आहे, फक्त संगणक रात्रभर चालू ठेवावा लागेल.

आणि क्यूआर कोडचा कागद लावू नका, एका उन्हाळ्यात उडतो. शिवाय बारवेत खाली नेटवर्क मिळत नाही, ते आधी तपासा. वालूरची चक्राकार बारव बघितलीत का? सेलू तालुक्यातच आहे, एकदा पोरांना न्या.

गोदाकाठ (बुधवार, रात्री १०:१५)

उशिरा लिहितोय, माफ करा. तुमचं सगळं वाचून काढलं, पोरांनाही वाचून दाखवलं. काल-परवा जे घडलं ते सांगतो.

सोमवारी आभाळ होतं. पहाटे सहाला आठ पोरं आणि तीन मोबाइल घेऊन उतरलो. चारशेवर फोटो झाले. रात्रभर शाळेचा संगणक चालला, सकाळी बारव स्क्रीनवर उभी! पाण्याच्या जागी भोक, खाम_नदी म्हणाले तसंच. ठेवलं.

फिरवून बघताना एका पोराला दिसलं की दुसऱ्या टप्प्याच्या कडेला चार गोल खळगे आहेत, ओळीत, वाटीएवढे. प्रत्यक्षात तिथं शेवाळ असल्यानं कधी लक्षात आलं नव्हतं. आम्ही तर्क केला की दिव्यांची जागा असावी, पोरांनी तसं नाव देऊनही टाकलं.

काल ओवीसाठी गावातल्या एका आजींकडं गेलो. ऐंशीच्या पुढच्या. ओवीवेडी ताई, तुमचं ऐकलं: आधी सगळं समजावून विचारलं, आणि मग तुरी निवडायला सूप दिलं. पाच मिनिटांत सुरू झाल्या.

*बारवेची पायरी गं, मोजिते मी एक एक*
*कमरेवरी घागर, दुज्या कडेवरी लेक*

मग मी लॅपटॉपवर बारव दाखवली. त्यांनी जवळ ओढून बघितली, बोटानं खळगे दाखवले आणि म्हणाल्या, "हे काय लिवलंय रे? दिवे? अरे लेकरा, हे घागरीचं बसणं हाय. वर येताना इथं दम खायचो आम्ही. सासरचं गाऱ्हाणं इथंच बोलायचो, खाली नाही अन् वर नाही." तिथूनच त्या आम्हाला घेऊन बारवेकडं निघाल्या. नातू नको म्हणत होता, पण ऐकलं नाही. काठी टेकत दुसऱ्या टप्प्यापर्यंत उतरल्या, एका खळग्यात तळवा ठेवला आणि दगड हातानं पुसला. कितीतरी पिढ्यांच्या घागरींनी तो दगड घासून गुळगुळीत केलाय. आठही पोरांनी रांगेनं त्यात हात घालून बघितला.

आता ठरलंय असं: ओवी बारवेच्या तोंडाशी ऐकवायची नाही. ज्याला ऐकायचीय त्यानं दुसऱ्या टप्प्यापर्यंत उतरायचं, तिथं थांबायचं, आणि तिथंच ती ऐकू येईल. खाली नेटवर्क नाही हे तपासलं, म्हणून भजनी मंडळाकडं असतो तसा मेमरी कार्डचा छोटा स्पीकर ठेवतोय. कळ दाबली की हळू आवाजात एकच ओवी. स्पीकरची किल्ली शेजारच्या किराणा दुकानात राहील. दुकानदारकाकांनी हौसेनं जबाबदारी घेतलीय. स्क्रीनवरच्या नकाशात "दिवे" खोडून आजींचे शब्द जसेच्या तसे घातले. नाव लावायचं का विचारलं तर म्हणाल्या, "माझं नको, गावातल्या समद्या बायांचं म्हण."

तेरणामाई, तुमच्या बहिणीला एकदा घेऊन या. आमच्या बारवेला कठडा आहे, पायऱ्या रुंद आहेत, मी स्वतः हात धरून उतरवीन. त्या खळग्यात हात ठेवून त्यांना काय वाटतं ते मला ऐकायचंय.

तेरणामाई (बुधवार, रात्री १०:४०)

सर, तिला आत्ताच वाचून दाखवलं. विचारतेय, घागर आणू का सोबत.